हाताने मोजलेले वीस

आपांना चुका जमवायचा नाद होता. लोक पोस्टाची तिकिटं जमवतात, जुनी नाणी जमवतात; आमच्या आपा चुका जमवायच्या. आणि त्याही कुणाला नावं ठेवायला नव्हे. बदनापूरच्या बसमध्ये कंडक्टर कोणत्या थांब्यानंतर हमखास कुणाचं तरी तिकीट विसरतो, खानावळीतल्या मावशींच्या हातून कोणत्या वारी भाजी खारट होते, प्रयोगशाळेतला शिपाई कोणत्या कपाटाचं कुलूप उघडं टाकतो, हे सगळं त्यांना पाठ. एकदा मी वैतागून म्हटलं, "अहो आपा, चूक ती चूक. ती काय वार बघून होते का?" तर चष्मा कपाळावर ढकलून म्हणाल्या, "चूक झाली हे कुणीबी सांगल गं. परत परत कुठं होऊन राह्यली ते सांग. खरी गंमत तिथं हाय."

आता हा नाद म्हणावा तर त्यांचं कामही तेच होतं. बदनापूरच्या एका कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि शिकवून झालं की प्रयोगशाळेमागच्या खोलीत जाऊन बसायच्या. तिथं तीन जुने कॉम्प्युटर, एक डुगडुगतं टेबल आणि भिंतीला टेकवलेली वह्यांची थप्पी. प्रत्येक पेशीत चार अक्षरांत लिहिलेला लांबलचक मजकूर असतो, त्यातल्या अर्थ लागणाऱ्या तुकड्याला जनुक म्हणतात. पिढ्यानपिढ्या त्या मजकुराची नक्कल होत राहते आणि नक्कल करताना एखादं अक्षर बदलतं. पुस्तकात त्याला उत्परिवर्तन म्हणतात. आपा सरळ चूक म्हणायच्या. जगभरातल्या लोकांनी वाचून खुले करून ठेवलेले तुरीचे, मुगाचे आणि त्यांच्या रानटी भावकीचे मजकूर उतरवून घ्यायचे आणि कोणतं अक्षर बदलून कोणतं झालं ते मोजायचं, हे त्यांनी पंधरा-सोळा वर्षं केलं. ना प्रयोगशाळेचा थाट, ना परदेशवारी. तुरीच्या पट्ट्यात बसून तुरीच्या चुका मोजणारी बाई, एवढीच त्यांची कॉलेजात ओळख.

नावानं त्यांना कुणी हाक मारायचं नाही. त्यांचा धाकटा भाऊ रफिकभाई हसनाबादला शिवणकाम करायचा. बहिणीचा डबा विसरला म्हणून तो एकदा दोन गाड्या बदलून कॉलेजात आला आणि वऱ्हांड्यातून मोठ्यानं "आपा!" म्हणून ओरडला. तेव्हापासून पोरं आपा, शिपाई आपा, प्राचार्यसुद्धा आपा. लग्न त्यांनी केलं नव्हतं. का केलं नाही, हे विचारायची आमची छाती नव्हती. आठवडाभर बदनापुरात स्टेशनजवळच्या दोन खोल्यांत राहायच्या आणि शनिवारी हसनाबादला भावाकडे जायच्या. सोमवारी येताना पिशवीत भाभीनं दिलेली भाकरी आणि झणझणीत खर्डा असायचा, तो आम्हा पोरींच्या पोटात जायचा.

त्यांचं म्हणणं काय होतं ते मला पहिल्या वर्षी काही केल्या कळेना. मी एम.एस्सी.ची शहाणी. तडातडा बोलायचे. म्हटलं, "आपा, जे टिकायचं ते टिकतं, जे निकामी ते मरतं. निसर्ग निवडतो. यात मोजायचं काय?" त्या दिवशी राजूरचा बाजार होता. त्या मला घेऊन बाजारात गेल्या आणि वांग्याच्या ढिगापुढं उभं करून म्हणाल्या, "निवड." मी चार वांगी निवडली. "हिरवी का न्हाई घेतली?" म्हटलं, हिरवी आलीच नाहीत आज. "हां, मंग?" त्या म्हणाल्या. "निसर्ग निवडतो, बराबर हाय. पण बाजारात जे आलंच न्हाई ते निवडणार कुठून? आधी गाडीतून काय उतरलं ते बघ. मंग गिऱ्हाइकाचं बोल." चुका काही सगळीकडे सारख्या होत नाहीत; काही अक्षरं सारखी बदलतात, काही वर्षानुवर्षं हलत नाहीत; आणि जी चूक वरचेवर होते तीच निवडीच्या ताटात वरचेवर येते. पुढं याच गोष्टीवर मी मोठ्या मोठ्या लोकांची भाषणं ऐकली. वांग्यांइतकं सोपं कुणी केलं नाही.

आम्ही केदारखेड्याचे. आजोबांपर्यंत मेंढरं घेऊन हिंडणारी माणसं. वडिलांनी शेती धरली तरी बारा-पंधरा मेंढ्या दारात ठेवल्याच. एम.एस्सी. झाल्यावर घरी लग्नाचं बघणं सुरू झालं, तेव्हा आपा आपण होऊन आमच्या घरी आल्या. मला वाटलं, आता शिक्षणाचं महत्त्व वगैरे भाषण होणार. बाई सरळ वाड्यात, म्हणजे मेंढरांच्या वाड्यात शिरल्या आणि उकिडव्या बसून एका कोकराचा कान चाचपायला लागल्या. त्याचे कान जन्मापासून आखूड होते. "दादा, असली कोकरं कोणत्या मेंढीची होत्यात?" वडील चकित. "ह्या तांबडीच्या पोटची बाई. हिच्या आईचीबी व्हायची. दुसऱ्या कुणाची न्हाई." झालं! दोघं तासभर मेंढ्यांच्या चार पिढ्या काढत बसले. आपा वहीत लिहून घेत होत्या आणि आई चहा तिसऱ्यांदा गरम करत होती.

उठताना त्या म्हणाल्या, "दादा, ही पोरगी मला तीन वरसं द्या." वडील म्हणाले, "अन् लगीन?" "करा की. मी कुठं न्हाई म्हणले? पण हिला मोजता येतं. वाचणारे लई मिळतात, मोजणारे मिळत न्हाईत." वडिलांनी माझ्याकडं बघितलं, मग आपांच्या साडीच्या लेंड्यांनी भरलेल्या काठाकडं बघितलं आणि म्हणाले, "न्या." रात्री आईला म्हणाले, ती बाई खाली बसली गं, खुर्ची मागितली नाही. एवढ्यावर माझी तीन वर्षं मंजूर झाली.

मोजण्याची त्यांची एक रीत होती, आणि ती मोडलेली त्यांना बिलकुल चालायची नाही. कॉम्प्युटर हजारो जनुकं घटकाभरात मोजून देतो. पण प्रत्येक नव्या गठ्ठ्यातली वीस जनुकं आम्ही आधी हातानं मोजायची. कागदावर रानतुरीची ओळ, तिच्याखाली शेतातल्या तुरीची ओळ, बोटाखाली एकेक अक्षर धरून. रानातलं अक्षर जुनं, शेतातलं नवं. जिथं फरक दिसला तिथं पेन्सिलीनं गोल. वीस झाले की वहीत मांडायचे, मग मशीनचं उत्तर त्याच्याशेजारी. त्याला आम्ही हातचे वीस म्हणायचो. डोळ्यांना पाणी सुटायचं, मान धरायची. मी कुरकुरले की त्या म्हणायच्या, "मशीन खोटं बोलत न्हाई सविता. पण आपण जे सांगितलं तेच बोलतं. आपण उलटं सांगितलं तर तेबी उलटं बोलल, अन् चेहऱ्यावरनं कळायचं न्हाई."

वहीचं पानही त्यांना ठरावीक हवं असायचं. खाडाखोड करायची ती दिसू द्यायची, रबर वापरायचा नाही. चुकलेल्या आकड्यावर एक आडवी रेघ आणि शेजारी नवा आकडा. त्यांच्या स्वतःच्या वह्या मी पाहिल्या आहेत, पानागणिक रेघा. एवढी वर्षं मोजून बाई अजून चुकते म्हणून आम्ही पोरी मागं हसायचो. त्यांना ते ठाऊक होतं. हसून घ्या म्हणायच्या, मोजून डोळे दुखले की आपोआप बंद होईल.

आणखी एक. आपा कोणतीही गोष्ट एकदाच विचारायच्या. डबा खाल्लास का, तर एकदा. फी भरलीस का, तर एकदा. मी खोलीतल्या मैत्रिणीशी भांडून दोन दिवस रडत होते, तेव्हाही एकदाच विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही. "बरं," म्हणून त्या कामाला लागल्या. तिसऱ्या दिवशी मीच धाय मोकलून सगळं सांगितलं, तेव्हा पदरानं माझं तोंड पुसत म्हणाल्या, "दुसऱ्यांदा विचारलं ना, की माणूस पहिलं खोटं पक्कं करतं. त्यापेक्षा त्याला वेळ द्यावा. येतं ते." माणसावर एवढा विश्वास ठेवायचा नसतो, असं मला आज वाटतं. निदान माझ्यासारख्या माणसावर तरी.

तिसरं वर्ष संपत आलं होतं. शेवटचा गठ्ठा राहिला होता, पाण्याचा ताण सोसायला ज्यांची मदत होते त्या जनुकांचा. आपांचा सगळा जीव त्या गठ्ठ्यात. आणि नेमक्या त्या आठवड्यात रविवारी मला बघायला पाहुणे येणार होते. घरून दिवसातून चार फोन. साडी कोणती, येणार कधी, केस धुतलेस का. शुक्रवारी दुपारी मी हातचे वीस मोजायला बसले. तीन झाले आणि मला कंटाळा आला. खोटं कशाला बोलू, निव्वळ कंटाळा. तीन वर्षांत मशीन एकदाही चुकलं नव्हतं. दर वेळी चुकले होते ते मी. म्हटलं, हे म्हणजे आता उगाच सोवळं-ओवळं झालं. मशीन चालवलं, त्यानं दिलेले वीस आकडे वहीत सुवाच्य अक्षरात उतरवले आणि शेजारी तेच पुन्हा लिहिले. माझ्या हाताचे म्हणून. मोजलेले तीन तेवढे जुळत नव्हते. मीच चुकले असणार, असं ठरवून ते कागद फाडून टाकले.

सोमवारी आपांनी विचारलं, "हातचे वीस झाले?" मी म्हटलं, झाले. एकदाच विचारलं, त्यांच्या रीतीप्रमाणं.

त्या गठ्ठ्याचं उत्तर असं निघालं की आम्ही सगळे बघतच राहिलो. जगात सगळीकडे चुका ज्या बाजूला झुकतात, म्हणजे ज्या अक्षराचं बदलून वरचेवर जे अक्षर होतं, त्याच्या बरोबर उलट्या बाजूला इथं झुकत होत्या. आपा महिनाभर खोलीत येरझारा घालायच्या, माझी वही उघडायच्या, जुळलेले वीस बघायच्या, मिटायच्या. मग एका सोमवारी राजूरला गाडी बदलताना पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या आणि माझ्या तोंडात अख्खा पेढा कोंबून म्हणाल्या, "लिहायला घे!" मी त्यांना इतकं खूश कधी पाहिलं नव्हतं. छप्पन वर्षांची बाई, टेबलावर बोटांनी ताल धरून गुणगुणत होती.

शोधनिबंध छापून आला. पहिलं नाव त्यांचं, दुसरं माझं. कॉलेजात मांडव घातला, शाल-श्रीफळ झालं, जालन्याहून दोन पाहुणे आले. प्राचार्यांनी भाषणात सांगितलं की आपा निवृत्त झाल्या तरी ती मागची खोली आणि कॉम्प्युटर त्यांच्याच ताब्यात राहतील, त्यांनी मरेपर्यंत काम करावं. टाळ्या पडल्या. आपांना शाल-श्रीफळाचं काही नव्हतं. खोलीचं ऐकून मात्र त्यांनी माझा हात दाबला. निवृत्तीला वर्ष राहिलं होतं आणि खोली गेली तर आपण काय करायचं या धास्तीनं त्या दोन वर्षं झुरत होत्या, हे फक्त मला माहीत होतं. त्याच निबंधावर मला बंगळूरच्या एका संस्थेत जागा मिळाली. बघायला आलेल्या पाहुण्यांनी नकार दिला होता, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

मी जायच्या तीन आठवडे आधी परदेशातल्या कुणा विद्यार्थ्याचा मेल आला. आपा आमच्या सगळ्या फाइली उघड्या ठेवायच्या, कुणालाही बघता याव्यात म्हणून. त्या पोरानं त्या उतरवून घेतल्या होत्या. फार अदबीनं लिहिलं होतं त्यानं, की शेवटच्या गठ्ठ्यात जुनं आणि नवं यांची अदलाबदल झाली असावी असं मला वाटतं, माझं चुकत असेल तर क्षमा करा. मी मेल वाचला आणि सगळे गठ्ठे काढून बघितले. आधीच्या सगळ्या गठ्ठ्यांत पहिली ओळ रानतुरीची होती. हा शेवटचा गठ्ठा दुसरीकडून घेतला होता आणि त्यात पहिली ओळ शेतातल्या तुरीची. मशीनला मी सांगून ठेवलं होतं, पहिलं ते जुनं. त्यानं मुकाट्यानं शेतातली तूर जुनी धरली, रानातली नवी, आणि सगळं उलटं मोजून दिलं.

आपांनी मेल दोनदा वाचला. कपाटातून कोरा कागद काढला, पेन्सिलीला टोक केलं आणि त्याच वीस जनुकांच्या ओळी मांडून हातानं मोजायला बसल्या. दुपारचे अडीच वाजले असतील. मी शेजारी उभी. पंखा कुरकुरत होता आणि बाहेर पोरं व्हॉलीबॉल खेळत होती. नवव्या जनुकाला त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. मग माझी वही ओढली आणि ते पान उघडलं. वीस आकडे, वीस उत्तरं, एकही आडवी रेघ नाही. तीन वर्षांतलं माझं एकमेव स्वच्छ पान. त्या पानावर त्यांनी नुसता तळहात ठेवला.

"सविता," त्या म्हणाल्या, "हे वीस तू हातानं केल्ते?"

मी नाही म्हणू शकले असते, खरं सांगू शकले असते. अजून तीन आठवडे होते, अजून काही बिघडलं नव्हतं. त्या रागावल्या असत्या, आणि संध्याकाळी मला स्टेशनापर्यंत सोबत करायला सांगितलं असतं. पण माझ्या डोळ्यापुढं बंगळूर होतं, वडिलांनी गावभर सांगितलेलं होतं. आणि खरं तर तेही नव्हतं. आपांच्या नजरेतून आपण उतरू, एवढीच भीती. मी म्हटलं, "हो आपा. हातानंच."

"बरं," त्या म्हणाल्या आणि वही मिटली.

त्या रीतीच्या बाईला कळलं नसेल, असं होईल का? पण त्यांनी दुसऱ्यांदा विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी निबंध मागं घेत असल्याचं पत्र त्यांनी लिहिलं. मला वाचायला दिलं. त्यात होतं: माहितीची मांडणी आणि पडताळणी माझ्याकडे होती, जुन्या-नव्याची अदलाबदल माझ्या हातून झाली, सहलेखिकेचा त्यात दोष नाही. मी म्हटलं, "आपा, असं कशाला?" तर म्हणाल्या, "पहिलं नाव माझं हाय. पेढे माझ्या नावानं खाल्ले, मंग हेबी माझ्याच नावानं." आणि त्या विद्यार्थ्याला त्यांनी आभाराचं इतकं मोठं पत्र लिहिलं की मला त्या पोराचा हेवा वाटला.

पुढचं भराभर झालं. निवृत्तीआधी सहा महिने कॉलेजानं खोली मागितली. प्राचार्य म्हणाले, परीक्षेचे गठ्ठे ठेवायला जागा नाही. आपांनी वाद घातला नाही. कॉम्प्युटर कुठल्याशा कार्यालयात गेले, वह्या पोत्यांत भरून रफिकभाईंच्या ओळखीच्या टेम्पोनं हसनाबादला गेल्या. हे मला मैत्रिणीनं फोनवर सांगितलं. मी तेव्हा बंगळूरला काचेच्या इमारतीत बसून मोजत होते. त्या दिवशी मी जेवले नाही. दुसऱ्या दिवशी जेवले. माणसाचं असंच असतं, त्याची लाजही फार दिवस टिकत नाही.

आपांचे फोन यायचे. महिन्यातून एखादा. माझ्या कामाचं बारीकसारीक विचारायच्या, नवं काय वाचलं ते सांगायच्या, भाभीच्या गुडघ्यांचं सांगायच्या. त्यांच्या बोलण्यात कुठं काटा नव्हता, आणि म्हणूनच मला ते सोसवेना. आधी मी घाईत आहे म्हणायला लागले, मग फोन वाजू द्यायला लागले. दोन वर्षांत चारदा केदारखेड्याला गेले. हसनाबाद काय लांब आहे? तालुका एकच. दर वेळी ठरवायचे, उद्या जाऊन येऊ. आणि दर वेळी आईला काहीतरी काम काढून द्यायला लावायचे. एकदा तर गाडीत बसले आणि मध्येच उतरून माघारी आले. वडिलांनी विचारलं, "भेटल्या का बाई?" मी म्हटलं, घरी नव्हत्या. खोटं बोलायचं एकदा जमलं की जमत जातं.

जूनमधल्या एका सकाळी जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर मेसेज आला. पहाटेची नमाज झाली, आपा अंगणातल्या बाजेवर टेकल्या आणि गेल्या. दुपारी मातीसुद्धा झाली होती. मी दिवसभर काहीच केलं नाही. संध्याकाळी, बहुतेक काहीतरी केल्याचं समाधान हवं म्हणून, त्या नियतकालिकाला पत्र लिहिलं की मागं घेतलेल्या त्या निबंधातली चूक माझी होती, पडताळणी मी खोटी लिहिली होती, कृपया तशी नोंद करा. आठ दिवसांनी चार ओळींचं उत्तर आलं. लेखिकेनं जबाबदारी घेतलेली आहे, नोंद पूर्ण झालेली आहे, प्रकरण बंद आहे. आभारी आहोत. जगात ही गोष्ट ऐकून घेणारं माणूस एकच होतं, आणि ते मी वाजून वाजून थांबलेल्या फोनच्या पलीकडं ठेवलं होतं.

चाळिसाव्या दिवसाच्या आधी मी हसनाबादला गेले. या खेपेला मध्ये उतरले नाही. रफिकभाई ओसरीत मशीनवर कुणाचा तरी सदरा शिवत होते. मला बघून मशीन थांबवलं, सतरंजी टाकली, भाभींना हाक मारली. भाभी पाणी घेऊन आल्या आणि मला बघून पदर तोंडाला लावून आत गेल्या. आपांच्या वह्यांची पोती कोपऱ्यात नीट रचून ठेवली होती. मी सतरंजीवर बसले. मग मी म्हटलं, "भाई, मी उशिरा आले."

"हां," रफिकभाई म्हणाले. "आपा म्हणायची, एक पोरगी यायची हाय. तिचं काई सांगायचं राह्यलंय. आली की चहा करा, अन् मी न्हाई घरी तर बसवून ठेवा म्हणायची. दिवाळी आली की म्हणायची, आता यील. ईदला म्हणायची, सुट्टी असंल तिला, यील. तुम्हीच ना ती?"

मी मान हलवली.

"गेल्या ईदला काई म्हणली न्हाई," ते म्हणाले. "मीच इचारलं, आपा, ती पोरगी? तर म्हणली, ऱ्हाऊ दे."

ऊन ओसरीच्या पायरीपर्यंत आलं होतं. मला रडू फुटलं, आणि रफिकभाईंनी मला रडू दिलं. नका रडू वगैरे म्हणाले नाहीत. माझं आवरल्यावर त्यांनी हातातली सुई सदऱ्यात टोचून ठेवली आणि माझ्याकडं तोंड करून बसले. "बोला," ते म्हणाले. "काय सांगायचं होतं ते मला सांगा. मला तिचं काम समजत न्हाई, पण ऐकतो."

मी सांगितलं. पाहुणे यायचे होते इथपासून सांगितलं. हातचे वीस काय असतात ते सांगितलं, मोजलेले तीन कागद फाडले ते सांगितलं, सोमवारी झाले म्हणाले ते, आणि त्या दुपारी हो आपा, हातानंच, असं म्हणाले तेही. तरुणपणापासून बहिणीचं काम दुरून बघत आलेला तो माणूस मध्ये एकदाही बोलला नाही. मी थांबल्यावर ते वाट बघत राहिले, अजून काही आहे का म्हणून.

"झालं?" त्यांनी विचारलं.

"झालं."

"एवढंच होतं?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरोखरच कळत नव्हतं. त्यांनी पोत्यांकडं बघितलं, आतल्या दाराकडं बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडं.

"एवढ्यासाठी दोन वरसं आला न्हाईत?"

"हो भाई," मी म्हटलं. "एवढ्यासाठीच."